देवकुळे बाईंची बांबूची एस.टी.

देवकुळे बाई मला आधी ऐकू आल्या, दिसल्या नंतर. आमच्या शाळेचं स्वयंपाकघर आणि सहावी-सातवीचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि त्या भिंतीला वरती सिमेंटची जाळी आहे. मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. त्या दिवशी डाळ धूत होते तर जाळीतून आवाज आला, "कशावरून?" जरा वेळानं पुन्हा, "कशावरून?" मला वाटलं कुणाची तरी वस्तू चोरीला गेली आणि चौकशी चाललीय.

चौकशी नव्हती. गणेश नावाच्या पोरानं, पृथ्वी गोल आहे, असं सांगितलं होतं.

दुपारी बाई पानं मांडायच्या वेळी बाहेर आल्या तेव्हा पाहिल्या. बुटक्या, अंगानं काटकुळ्या, साडीखाली पांढरे कापडी बूट. भोरहून सकाळच्या एस.टी.नं यायच्या, हिर्डोशीच्या पुढं आमच्या फाट्यावर उतरायच्या आणि तिथून चार किलोमीटर चढ चालून वाडीत यायच्या. बाकीच्या शिक्षकांकडं मोटारसायकली होत्या. बाईंना मोठ्या गुरुजींनी एकदा म्हटलं, "स्कूटी शिका की." तर बाई म्हणाल्या, "मला भीती वाटते." सरळ, सगळ्यांसमोर. साहेबाला, सरपंचाला, कुणाला न भिणारी बाई स्कूटीला भ्यायची आणि ते लपवायची नाही.

पोरांच्या आधी खिचडी शिक्षकानं चाखायची असा नियम आहे. दुसरे लोक घास तोंडात टाकून "छान छान" म्हणत जातात. बाई चाखायच्या, थोडा वेळ थांबायच्या आणि सांगायच्या, "आज जिरं विसरलात." किंवा, "डाळ जुनी आहे, वास येतो. पुढच्या वेळी पोतं परत पाठवा." चांगली झाली तर काहीच बोलायच्या नाहीत. पोरांनाही तसंच. शाबासकी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. उत्तर बरोबर आलं की म्हणायच्या, "मग पुढं?" माझी सारिका घरी येऊन रडायची, "आई, सगळं बरोबर आलं तरी बाई हसत न्हाईत." त्यांचा राग यायचा मलाही. गणेशकडून एक नकाशा त्यांनी पाच वेळा काढून घेतला होता. पाचव्या वेळी पोराच्या डोळ्यांत पाणी, आणि बाई म्हणतात, "नीरा नदी अजून उलटी वाहतेय."

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी एक चौकट आखली होती. वर लिहिलं होतं, 'बाईंना माहीत नाही'. पोरांनी काही विचारलं आणि बाईंना ते येत नसलं की तिथं लिहून ठेवायच्या. खेकडा तिरका का चालतो. नाचणीचं कणीस हाताच्या मुठीसारखं का मिटतं. वर्षभर ते खडूचे प्रश्न तिथं असायचे, एकेक पुसला जायचा, नवा यायचा. गावात याची लई थट्टा झाली. बाया पाण्यावर म्हणायच्या, "ही कसली शिकिवणारी! हिलाच काय येत न्हाई, वर फळ्यावर लिवून ठेवती." माझ्या माहेरी शाळा चौथीपर्यंत होती, तिथल्या गुरुजींना सगळं येत होतं. आम्ही त्यांना कधी काही विचारलं नाही.

आता एस.टी. मोजली त्या आठवड्याचं लिहिते. सारिकाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, तेवढ्यात बसेल.

सातवीच्या पुढची शाळा खाली रस्त्याच्या गावात आहे. सकाळी उतरायचं आणि संध्याकाळी फाट्यावरून चार किलोमीटर जंगलातून वर चढायचं. थंडीच्या दिवसांत निम्म्या वाटेतच अंधार पडतो. मुलगे जातात. मुलींना घरचे सातवी झाली की काढतात. आदल्या वर्षी चार मुली अशाच घरी बसल्या. त्या वर्षी सातवीत पाच मुली होत्या, त्यातली एक सारिका. आमच्या घरात माझ्या थोरल्या दिरांचा शब्द चालतो. गाव त्यांना तात्या म्हणतं. तात्यांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं, "सातवी झाली की बास. पोरीच्या जातीला येवढी पायपीट नगं." माझे मालक थोरल्या भावापुढं बोलत नाहीत. मी तर नाहीच.

एस.टी. वाडीपर्यंत आली असती तर प्रश्न मिटला असता. ग्रामपंचायतीनं अर्जही केला होता. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं, की वरच्या वळणावर गाडी बसत नाही, सबब फेरी सुरू करता येत नाही. तो कागद पंचायतीत खिळ्याला अडकवलेला होता.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी बाईंनी तो कागद वर्गात मोठ्यानं वाचला. मी जाळीच्या अलीकडं तांदूळ निवडत होते.

"वळणावर गाडी बसत नाही," बाई म्हणाल्या. "कशावरून?"

गणेश म्हणाला, "सायबांनी लिवलंय की बाई."

"साहेबांनी मोजलं का?"

"काय म्हाईत."

"मलाही माहीत नाही." खडू फळ्यावर वाजला. त्यांनी तो प्रश्न चौकटीत लिहिला असणार. "या आठवड्यात एवढंच शिकायचं. गणित, भूगोल, मराठी, सगळं यातच. शनिवारी उत्तर पाहिजे."

मंगळवारी बाई फाट्यावर उतरल्या तर सगळा वर्ग सुतळीचे गुंडे घेऊन खाली हजर. एस.टी. तिथं मिनिटभर थांबते. बाईंनी खाली उतरून दोघांना मागं पळवलं, दोघांना पुढं, दोघांना आडवं. सारिका सुतळीला गाठी मारत होती. कंडक्टरनं दारातून डोकं काढलं. "काय बाई, गाडीला झबलं शिवताय व्हय?"

"हो. आणि मापात शिवायचंय, तेव्हा जरा थांबा."

गाडीतली माणसं हसली. पण गाडी थांबली. दुपारी वर्गात गाठी मोजून झाल्या तेव्हा एकाच गाडीच्या तीन लांब्या निघाल्या, कारण एका पोरानं मागच्या शिडीपासून धरलं होतं आणि एकानं बंपर सोडला होता. बाईंनी तिन्ही आकडे वहीत ठेवायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजलं. कंडक्टर या वेळी स्वतःच खाली उतरला आणि सुतळीचं टोक धरून उभा राहिला. छत्तीस फूट लांब आणि साडेआठ फूट रुंद, असं माप पक्कं झालं.

बुधवारी दुपारी वळणावर गाडी नेली. म्हणजे दोरीची गाडी. छत्तीस बाय साडेआठचा दोरीचा चौकोन, चार कोपऱ्यांना आणि मधे मधे पोरं, आणि तोंडानं भुर्रर्र. मी भांडी घासायची सोडून बघायला गेले. वळण आमच्याच खाचराला लागून आहे. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला तात्यांची ताल. ताल म्हणजे नुसत्या दगडांची रचलेली भिंत. भाताचं खाचर चढावर धरून ठेवायला लागते. पोरं चढाकडनं पळत आली, वळणात शिरली आणि बाहेर पडली.

"बाई, वळली! वळली!" गणेश नाचायला लागला.

"वळली नाही, मोडली," बाई म्हणाल्या. "मागं बघा. मधनं सापासारखी वाकली. आत माणसं असती तर एकमेकांच्या मांडीवर बसली असती."

पोरांची तोंडं उतरली. मग सारिका हळू आवाजात म्हणाली, "बाई, बांबूची करूया. बांबू वाकत न्हाई."

"मग पुढं?" बाई म्हणाल्या. सारिका त्या दिवशी घरी येऊन रडली नाही.

बांबू तात्यांच्या बेटातले आणले. गणेश 'शाळेला पायजेत' एवढंच सांगून आला होता. बाईंना कळल्यावर त्यांनी त्याला परत पाठवलं, कशाला पाहिजेत ते सांगून ये म्हणून. तात्या म्हणाले, "न्या. शिकायचं सोडून पोरखेळ चाललाय सगळा."

गुरुवारी बांबूची एस.टी. झाली. सतरा पोरांनी उचलली. बाईंनी मागच्या चाकांच्या जागी दोन दांडगी पोरं उभी केली आणि बजावलं, "तुम्ही आडवं पाऊल टाकायचं नाही. चाक आडवं चालत नाही. नाक जिकडं, पाय तिकडं." पुढची पोरं वळली, मधली वळली आणि मागच्या आतल्या कोपऱ्याचा बांबू तालीवर आपटला. दगडाचा टवका उडाला. पुन्हा केलं, पुन्हा आपटला. दरीच्या अगदी कडेनं नेली तरी आपटला. बघायला जमलेल्या बायांमधली एक म्हणाली, "साहेब खरंच बोलला व्हता की मग."

मला वाटलं बाई आता खचतील. बाई खाली बसून टेप लावत होत्या. उठल्या तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा खूश झालेलं पाहिलं. "साडेतीन फूट," त्या म्हणाल्या. "गाडी बसत नाही असं नाही. साडेतीन फूट कमी पडतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लिहा."

पण ते साडेतीन फूट तात्यांच्या खाचरातले होते.

शुक्रवारी सकाळी बाई स्वयंपाकघरात आल्या आणि चुलीपाशी पाटावर बसल्या. "सुमनताई, त्या कोपऱ्यात लावणी कोण करतं?"

"मीच करते."

"ताल साडेतीन फूट आत घेतली, वीस फूट लांबीत, तर किती भात जाईल?"

घरातली गोष्ट होती. पण त्यांनी विचारलं ते खरं कळायला म्हणून, आणि ते मला येत होतं. मी म्हणाले, "तीन मुठी रोप लागतं तिथं. भात निघतं अधोलीभर. पाणी साचतं कोपऱ्याला, दाणा पोचट असतो." अधोली म्हणजे अर्धी पायली. बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि वर्गात जाऊन पोरांना सांगितलं, "तात्यांना अर्ज लिहायचाय. त्यात त्यांचं नुकसान आधी लिहायचं. दर वर्षी अधोलीभर भात. थोडीशी जागा वगैरे लिहायचं नाही. ज्याचं जातं त्याला ते थोडं नसतं."

दुपारी सगळा वर्ग घेऊन त्या आमच्या ओट्यावर आल्या. सारिकानं अर्ज वाचला. तात्या घोंगडीवर बसून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "माझ्याच कळकानं माझीच ताल पाडाया निघालाव व्हय?"

"पाडायची की नाही ते तुम्ही ठरवायचं. आम्ही मोजलं तेवढं सांगतोय," बाई म्हणाल्या.

"आन् हे अधोलीचं कुणी सांगितलं?"

"ज्यांनी लावणी केली त्यांनी."

तात्यांनी दाराकडं पाहिलं. मी दाराआड होते.

"बाई, तुमी भोरच्या. तुमाला तालीतलं काय कळतंय?" तात्यांचा आवाज चढला. "माझ्या आज्यानं रचलेली हाय ती. मधनंच फोडली तर अख्खं खाचर रस्त्यावर यील. मग वळवा तुमची एस.टी. चिखलात!"

"का येईल?"

"का म्हंजे?"

"म्हणजे, ताल फोडल्यावर खाचर का येतं? पुन्हा रचली तर का राहत नाही? मला माहीत नाही."

मला वाटतं, शिकलेल्या माणसानं तात्यांपुढं असं कधी म्हटलं नव्हतं. गणेशला मात्र सवय होती. तो मागून म्हणाला, "बाई, चौकटीत लिवायचं का?"

"लिही. आणि उद्या शनिवार आहे, सकाळची शाळा. तात्या, तुम्ही वळणावर येऊन आम्हाला सांगाल का, ताल कशी उभी राहते?"

"मी दाखवीन. पाडणार न्हाई."

"नका पाडू."

त्या रात्री तात्यांनी भाकरी खाल्ली आणि ताट सरकवताना एवढंच म्हणाले, "पोचट दाणा म्हनं." मी ताट उचललं. माझे मालक जमिनीकडं बघत होते. सारिका वहीत ताल काढत होती, खोडत होती.

शनिवारी मी शाळेत न जाता आधी वळणावर गेले. बाई पोरांमध्ये खाली मातीत बसल्या होत्या, मांडीवर वही. तात्या पहार घेऊन आले. आधी उभ्यानंच सांगायला लागले. तळाला मोठा दगड, त्याचं तोंड आत. ताल सरळ उभी रचायची नाही, खाचराकडं जरा झुकवायची, म्हणजे पाण्यानं फुगलेली माती तिला बाहेर ढकलू शकत नाही. दगडांच्या फटीत चिपा ठोकायच्या, पण मातीनं लिंपायचं नाही, पाण्याला वाट पाहिजे.

"झुकवायची म्हणजे किती?" बाईंनी विचारलं.

"जरा."

"जरा म्हणजे? तळाला आणि वर किती फरक?"

"ते असं सांगून न्हाई कळायचं." तात्या वैतागले. "पाया उघडा केल्याबिगार कसं दिसंल?"

"मग राहू द्या. नको उघडायला."

तात्या तालीकडं तोंड करून उभे राहिले. बाई वहीतच बघत होत्या. मला वाटलं आता म्हणतील काहीतरी, मुलींचं, शिक्षणाचं, सारिकाचं. त्यांनी एक शब्द काढला नाही. मग तात्यांनी पहार घातली आणि कोपऱ्यावरचा वरचा दगड काढून बाजूला ठेवला. मग दुसरा. "सारके, धर गं. पाय सांभाळ." पोरं उठली. एकेक दगड ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं रस्त्याच्या कडेला मांडत गेली. तासाभरात तळाचा दगड दिसला. ताल तिथं एक वीत आत झुकलेली होती. बाईंनी मोजली, पोरांनी लिहिली.

तात्या घाम पुसत बसले. कोपरा उघडा पडला होता आणि तो परत रचायचाच होता. त्यांनी सुतळी मागितली, एक टोक खुंटीला बांधलं आणि सारिकाला हाक मारली.

"किती म्हणालीस गं तू?"

"साडेतीन, तात्या."

"चार घे. वळनावर डायवर काय तुमच्यासारखा नाकासमोर चालत न्हाई."

सुतळी चार फूट आत ताणली गेली. माझे मालक घरी गेले आणि दुसरी पहार घेऊन आले. त्या दिवशी खिचडीला दीड तास उशीर झाला. बाईंनी चाखली आणि म्हणाल्या, "करपली आहे." करपलीच होती.

ताल पुरी व्हायला पुढं तीन आठवडे गेले. सहावी-सातवीनं अर्ज नव्यानं लिहिला, त्यात मापं घातली, गाडीचं चित्र काढलं, तात्यांची सही घेतली. बाई तो घेऊन एस.टी.च्या साहेबांकडं किती वेळा गेल्या ते त्यांनी सांगितलं नाही. भोरलाच राहायच्या, तेव्हा रोज संध्याकाळी जात असतील असं पोरं म्हणायची. त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे मला आजही नीट माहीत नाही.

मेच्या सुट्टीत बाईंची बदली वेल्ह्याकडं झाली, पानशेतच्या पलीकडच्या एका शाळेत. निरोप समारंभ वगैरे झाला नाही, शाळाच बंद होती. पाऊस सुरू व्हायच्या आधी आमच्या वाडीला गाडी सुरू झाली. सकाळी साडेनऊला येते, संध्याकाळी पुन्हा येते. कधी येत नाही, तेव्हा पोरी चालतात, पण आता कुणी कुणाला घरी बसवत नाही. सारिका नववीत आहे. पाचही जणी जातात.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते एप्रिलमध्ये, सुट्टी लागायच्या दिवशी. त्याच दिवशी गाडीची चाचणी होती. साहेब पुढच्या बाकावर बसून आले होते. वळणाच्या अलीकडं गाडी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, ताल बघून गेला आणि पुन्हा चढला. पोरं खाचरात उभी, तात्या तालीवर. गाडी हळूहळू पुढं आली, पुढचं तोंड दरीवर गेलं तेव्हा बाया ओरडल्या, मग ती आत वळली, थांबली, परत वळली आणि मागचं चाक तालीच्या कडेनं निघून गेलं. एकच गलका झाला. पोरं धावत गाडीत चढली, बाया चढल्या, मलाही कुणीतरी हात धरून वर ओढलं. "बाई, चला! बाई!" सगळे हाका मारत होते. गाडी वाडीकडं निघाली. मी मागच्या काचेतून पाहिलं. धुरळा खाली बसत होता आणि त्यात बाई एकट्याच रस्त्यावर उकिडव्या बसल्या होत्या. टेपचं एक टोक तालीच्या दगडाला लावलं होतं आणि दुसरं चाकाच्या ताज्या खुणेवर धरलं होतं. त्यांनी मान वर केली आणि आम्हाला काहीतरी ओरडून सांगितलं. आकडाच असणार. गाडीच्या आवाजात तो मला ऐकू आला नाही, पण सारिकानं खिडकीतून बाईंच्या दिशेनं हात बाहेर काढला आणि आमचं घर येईपर्यंत तो आत घेतला नाही.